कडप्प्याच्या गावाला

बाळांनो, आपल्या घराच्या भिंतींचा जांभा इथलाच. सावर्ड्याच्या आसपास सड्यावर फिरताना चिरे काढून चौकोनी झालेल्या खाणी दिसतात, तशाच एखाद्या खाणीतला. पण स्वयंपाकघरातला काळा ओटा मात्र परगावचा आहे. तो कडप्पा. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत आणि तिकडे पुण्या-मुंबईच्या चाळींतही ओट्याला, मोरीला, भांड्यांच्या मांडणीला हाच दगड. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा, ताडिपत्री, बेतमचेर्ला या भागांतल्या खाणींतून तो ट्रकांत भरून येतो. येत्या नाताळच्या सुट्टीत आपण त्याच्या मुलखात जाणार आहोत.

थोरल्याने मोबाइलवर अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन पाहिली आणि तेव्हापासून त्याने धोशा लावलाय, आबा, वाळवंटातली दरी बघायची. हट्ट चांगला आहे. ती जागा आहेच तशी. कोलोरॅडो नदीने कोरलेली ४४६ किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी १८०० मीटरपेक्षा खोल घळई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटरचं. ते उचलून अशा खोल जागी तळाशी ठेवलं, तर त्याचं टोक काठाच्या खालीच राहील. आणि गंमत ऐका, त्या घळईतल्या उंच सुळक्यांना आपल्या देवांची नावं आहेत. क्लॅरन्स डटन नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सुळक्यांची नावं ठेवली, त्यांत एक विष्णूचं देऊळ आणि एक शिवाचं देऊळ. तळाशी जो फार जुना खडक उघडा पडलाय, त्यालाही विष्णूचंच नाव मिळालं. वय सुमारे १७५ कोटी वर्षं.

अमेरिकेला तुम्ही मोठे झालात की जा. आपण आपल्या दारातून गाडी काढून, मजलदरमजल मुक्काम करत जिथे पोचू, ती घळई आहे गंडिकोटा. आंध्रातल्या जम्मलमडुगू गावाजवळ पेन्ना नदीने एर्रमला डोंगर चिरून केलेली. खोली सुमारे ३०० फूट. कोलोरॅडोच्या घळईपुढे हे धाकटं भावंड, पण काठावर उभं राहिलं की पोटात गोळा यायला ३०० फूट पुरतात.

तो मुलूख राजस्थानासारखं वाळूचं वाळवंट नव्हे. त्याला रायलसीमा म्हणतात. लाल माती, काटेरी झुडपं, उघडे खडक आणि कोरड्या भागांत वर्षाकाठी जेमतेम ५५० मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास पडतो, म्हणजे आपला जुलै एकटाच त्यांच्या दोन वर्षांचा पाऊस पाडून जातो.

हे ऐकल्यावर धाकटीने विचारलं, “मग आबा, तिथे पाऊसच नाही तर दरी खोदली कुणी?”

पाण्यानेच खोदली. पण मग पाऊस धो धो पडतो त्या आपल्या गावात अशी दरी का नाही, आणि थेंबाला महाग असलेल्या मुलखात का आहे? याचं उत्तर मी इथे बसून सांगितलं तर तुम्हाला अर्धंच पटेल. उरलेलं अर्धं रस्त्यात दिसेल, म्हणून तर रस्ता नीट आखायचा.

आपण सकाळी लवकर निघू. आरवली, संगमेश्वर, तिथून देवरुखाकडे वळायचं, साखरप्याला आंबा घाट धरायचा. घाट चढताना खिडकीतून डोंगराकडे बघा. पायऱ्या दिसतील. एक उभा कडा, मग हिरवी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांब लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला रस बाहेर येऊन पसरला, निवला, त्यावर पुन्हा पसरला. आपला काळा पाषाण, बेसाल्ट, तो हा. आणि आपल्या घराचा जांभा या काळ्या पाषाणाचाच बनलाय. हजारो हजार पावसाळे त्या पाषाणातून झिरपले, त्यातली विरघळणारी द्रव्यं धुऊन समुद्राला गेली, आणि लोखंड नि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. लोखंड गंजलं, दगड तांबडा झाला. म्हणजे आपल्याकडे पाऊस खडक नुसता कापत नाही, तो खडकाला आतून कुजवतो.

आता आपल्या डोंगराचं काय होतं पाहा. पाणी फटींत शिरतं, खडकाची माती होते, मातीत झाडं उगवतात, मुळं फटी रुंदावतात. मग एखाद्या श्रावणात तो सगळा उतार भिजून जड होतो आणि दरड कोसळते. ती दरड पायथ्याशी पसरते, तिच्यावर पुन्हा रान माजतं. पाणी इथे अफाट काम करतं, पण केलेलं काम तेच झाकतं. उभ्या भिंतीचा उतार होतो आणि उतारावर हिरवं पांघरूण येतं. कोरड्या मुलखात माती धरायला पुरेशी ओल नाही, दाट झाडी नाही, खडक आतून फारसा कुजत नाही. नदी तळाशी कापत जाते, बाजूचा दगड फटीवर सुटून सरळ खाली पडतो आणि मागे भिंत उभीच्या उभी राहते. म्हणून पाण्याचं काम बघायचं असेल, तर पाऊस थोडा आहे तिथे जावं. मला या सहलीत तुम्हाला हेच दाखवायचं आहे.

थोरला लगेच म्हणाला, “पण आपल्याकडेही उभे कडे आहेत की. सह्याद्रीचे.” आहेत. बेसाल्ट कठीण आहे आणि घाटाचा माथा अजून झिजायचा आहे. नगर जिल्ह्यात साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे, दोन्ही बाजूंच्या काळ्या भिंती इतक्या जवळ की वर आकाशाची नुसती पट्टी दिसते. ती महाराष्ट्रातली घळईच. पण तिथे पावसाळ्यात शिरता येत नाही आणि मुलांना दोर लावून उतरवायची माझी तयारी नाही. ती तुम्ही कॉलेजात गेल्यावर.

घाटमाथ्यावर गाडी थांबवू, चहा घेऊ. तिथे काही ठिकाणी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग समुद्राकडून येतात, सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पलीकडे उतरलात की कोल्हापूर, पाऊस हजाराच्या आसपास. अजून शंभर किलोमीटर पूर्वेला गोकाक, तिथे पाचशे-सहाशे. सकाळी घरी पेज जेवून निघालेला माणूस संध्याकाळी सहापट कोरड्या मुलखात पोचतो. हा फरक तुम्ही खिडकीतून स्वतः टिपायचा. कुठे भातखाचरं संपली, कुठे ऊस लागला, कुठे ज्वारी सुरू झाली, कुठे बाभळी. वहीत गावाचं नाव लिहा आणि बाहेर काय दिसतं ते लिहा. धाकटीने झाडं, थोरल्याने दगड.

याच माथ्यावर आणखी एक फाळणी होते. पश्चिमेला पडलेला थेंब पन्नास-साठ किलोमीटर धावून अरबी समुद्रात जातो. त्याच्यापासून हातभर पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेला मिळतो आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला पोचतो. आपण जाणार त्या वाटेवरच्या घटप्रभा, मलप्रभा आणि तुंगभद्रा या तिन्ही नद्या सह्याद्रीतच जन्मलेल्या. कोरड्या मुलखात त्या जे कोरतात ते इथल्या पावसाच्या जोरावर. कोलोरॅडोचंही तसंच, ती रॉकी पर्वतातल्या बर्फाचं पाणी घेऊन वाळवंटात येते. पेन्नेचं मात्र तसं नाही. ती कर्नाटकात नंदी डोंगरात उगम पावते, सह्याद्रीचा आधार तिला नाही. म्हणून वर्षातले कितीतरी महिने ती कोरडीच असायची. आता गंडिकोट्याच्या वर-खाली धरणं झाल्यामुळे घळईत पाणी दिसतं.

पहिला मुक्काम कोल्हापूर किंवा गोकाक. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली उडी घेते. डिसेंबरात धारेत जोर नसतो, जुलै-ऑगस्टात तिथे जो आवाज असतो तो नसतो. पण आपल्याला धार नाही, खालचा खळगा आणि पुढची चिरलेली दरी बघायची आहे. धबधबा एका जागी थांबून राहत नाही. पडणारं पाणी पायथा पोखरतं, वरची कड आधार सुटून कोसळते, धबधबा थोडा मागे सरकतो. पुन्हा पोखरणं, पुन्हा कोसळणं. मागे सरकताना तो पुढे जी वाट ठेवून जातो, तीच घळई. इथेच आपला काळा पाषाण संपत येतो आणि त्याच्या खालून वेगळा, फिकट तांबूस खडक वर येतो. लाव्हा येऊन पसरला तेव्हाही हा खडक म्हातारा होता. इथून पुढे आपण दख्खनच्या तळघरात शिरतो.

दुसरा मुक्काम बदामी. बदामीचा वालुकाश्म तांबडा आहे, संध्याकाळच्या उन्हात तर पेटल्यासारखा दिसतो. त्याचा तांबडेपणा आणि आपल्या जांभ्याचा तांबडेपणा लोखंडाच्या गंजाचाच, पण दगड निराळा. जांभा पाषाण कुजून झाला, हा वाळू साचून झाला. लेण्यांच्या बाहेरच्या कड्यावर नीट बघा, दगडात तिरक्या रेषा दिसतील, एकीवर एक. वाहत्या पाण्यात वाळूची जी तिरकी पुटं बसतात, ती तशीच गोठली आहेत. त्या रेषांच्या उतारावरून भूशास्त्रज्ञ सांगू शकतात की त्या काळी प्रवाह कुठून कुठे जात होता. ती नदी मेली, तिचा डोंगर मेला, आणि तिच्या वाहण्याची दिशा मात्र दगडात लिहून राहिली. त्याच दगडात चालुक्यांनी लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात शके ५००चा, म्हणजे इ. स. ५७८चा लेख आहे. विष्णूची मोठी मूर्ती तिथेच.

हंपीत एक दिवस. खरं तर हंपीला आठवडा हवा, पण या खेपेला आपण देवळांपेक्षा धोंडे बघायला जातोय. तिथे हत्तीएवढे, घराएवढे गोल धोंडे डोंगरभर रचून ठेवल्यासारखे पडलेत. ही वानरांची किष्किंधा, असं तिथले लोक सांगतात, आणि ते धोंडे पाहिल्यावर सेतू बांधणारी सेना डोळ्यांपुढे उभी राहते. खडक ग्रॅनाइट, वय सुमारे २५० कोटी वर्षं. जमिनीच्या पोटात तो थिजला. वरचं ओझं झिजून गेल्यावर त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पाणी गेलं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तिन्ही बाजूंनी लागतं, सपाट बाजूला एकाच बाजूने, म्हणून कोपरे आधी कुजले आणि ठोकळे गोल झाले. मधली कुजलेली माती वाहून गेली आणि गोटे जागच्या जागी, एकावर एक राहिले. कुणी ते रचलेले नाहीत, आणि कुठून गडगडत आलेले नाहीत.

हंपीहून गंडिकोटा हा सगळ्यांत लांबचा टप्पा, पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात. बळ्ळारी, गुंतकल, गुत्ती, ताडिपत्री. पहाटे निघायचं म्हणजे दिवे लागायच्या आत पोचू. गुत्तीला मात्र मी गाडी थांबवणार. तिथल्या ग्रॅनाइटच्या उघड्या डोंगरावरचा किल्ला मुरारराव घोरपड्यांचा. कोल्हापुराहून इतक्या लांब, तेलुगू मुलखात, अठराव्या शतकात हा मराठा सरदार पाय रोवून उभा होता. हैदर अलीने १७७६ मध्ये किल्ला घेतला तो वरच्या गडावरचं पाणी संपल्यामुळे. तटबंदी भक्कम होती, माणसं शूर होती, टाक्यांत पाणी राहिलं नाही. उघड्या ग्रॅनाइटवर पडलेलं पाणी मुरत नाही, जे साठवाल तेवढंच तुमचं.

आता ताडिपत्री आली, म्हणजे आपल्या ओट्याच्या दगडाचं गाव आलं. रस्त्याच्या कडेला कडप्प्याच्या लाद्या पानांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या दिसतील. हा दगड पातळ थरांनी सुटतो, कारण तो थरांनीच साचला. डायनासोरांच्याही कितीतरी आधी इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ पुटापुटाने बसला आणि दाबाने त्याचा दगड झाला. कडप्पा म्हणजे चुनखडक. म्हणूनच तुमची आजी कोकमाचं आगळ ओट्यावर सांडलं की लगेच पुसायला सांगते. आगळ आंबट, चुना आंबटाला विरघळतो. पाच मिनिटं तसंच राहिलं तर काळ्या चकाकीवर पांढुरका डाग उठतो आणि कितीही घासला तरी जात नाही, कारण तो डाग वरून बसलेला नसतो, तिथला दगडच गेलेला असतो. कडप्प्याचा तुकडा खिळ्याने खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. विरघळणाऱ्या चुन्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो.

हे घरी करून बघा आणि मग बेलमला चला. बेलमच्या गुहा गंडिकोट्यापासून तास-दीड तासावर, ज्वारी-कपाशीच्या सपाट रानाखाली आहेत. वरून काहीच कळत नाही, जमिनीत एक मोठा खड्डा, त्यातून पायऱ्या. खाली ३२२९ मीटर लांबीचं गुहांचं जाळं. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं. आगळाच्या मानाने ते फारच फिकं. पण लाखो वर्षं फटीफटीतून झिरपलं, आणि आगळाने ओट्यावर जो डाग पाडला त्याच रीतीने त्या पाण्याने जमिनीखाली दालनं केली. काही ठिकाणी छत वाड्याच्या दिवाणखान्यासारखं उंच, काही ठिकाणी वाकूनच जावं लागतं. तेच पाणी छतातून ठिबकताना त्यातला वायू उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन लोंबतो. खालच्या टोकाला एक झरा आहे, पाताळगंगा, तो दिसतो न दिसतो तोच दगडात नाहीसा होतो.

या गुहांची नोंद रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये केली. हेच ते फूट, ज्यांना १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगातलं दगडी हत्यार सापडलं होतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं बेलमकडे कुणी फारसं फिरकलं नाही. १९८२-८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाऊर यांच्याबरोबर आलेल्या जर्मन पथकाने आत उतरून मोजणी केली आणि २००२ मध्ये गुहा लोकांसाठी खुल्या झाल्या. आत हवा कोंदट आणि उबट असते, आजीला दमा आहे, तेव्हा ती आणि मी पहिल्या दालनातून परत फिरू. तुम्ही आईबाबांबरोबर पुढे जा. जवळच बनगानपल्ले आहे, ज्याचं नाव आंब्याला मिळालं ते गाव. डिसेंबरात आंबा मिळणार नाही, पण हापूसवाल्यांनी त्या गावाला नमस्कार करून यावा, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग गंडिकोटा. गावात शिरताना किल्ल्याचा मोठा दरवाजा लागतो. आत माधवरायाचं देऊळ, रंगनाथाचं देऊळ, जामा मशीद, धान्याचं प्रचंड कोठार. जुन्या लोकांनी किल्ला इथे का बांधला ते काठावर गेलं की कळतं. एका बाजूला तट बांधायचीच गरज नव्हती, नदीने तो खोदून दिलेला. भिंत क्वार्टझाइटची, म्हणजे वाळूचा खडक पुन्हा दाबून-तापून कणाकणाने जुळलेला. वय शंभर कोटी वर्षांच्या वर. त्यात आडवे थर आणि उभ्या भेगा, म्हणून सगळी भिंत भल्यामोठ्या चिऱ्यांनी बांधल्यासारखी दिसते. पाणी एकटं हा खडक कापू शकत नाही. ते वाळू-गोटे घेऊन येतं आणि त्यांनी तळ घासतं. पायथा पोखरला की वरचा चिरा भेगेवर सुटतो नि खाली पडतो. ओल नाही, म्हणून उरलेली भिंत ताठ. सूर्य उगवताना आणि मावळताना ती तांबूस होते. धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर तिथे उभं आहे.

एक गोष्ट मात्र आत्ताच डोक्यात पक्की करा. कोरड्या मुलखात पाणी कमी, म्हणून पाण्याची भीती कमी, असं नसतं. अमेरिकेत ॲरिझोनात अँटिलोप कॅन्यन म्हणून अरुंद घळई आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे आकाश जवळपास निरभ्र होतं, आणि कित्येक किलोमीटरांवर पडलेल्या वळवाचं पाणी अचानक घळईत घुसून ११ जण गेले. आपण २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर पाहिलाय. त्याआधी पाऊस कोसळत होता, वाशिष्ठी चढत होती, डोळ्यांना दिसत होतं. वाळवंटी घळईत पुराची सूचना डोक्यावरच्या आकाशाकडून मिळत नाही. जमिनीला झाडोरा नाही, पाणी थांबत नाही, सगळं एकदम उताराला धावतं. म्हणून आपण पावसाळ्यात जात नाही, एप्रिल-मे मध्ये उन्हाने जात नाही, डिसेंबर-जानेवारीच निवडतो. आणि अरुंद दरीत खाली उतरायचं नाही, काठावरूनच बघायचं.

सामानाचं आता. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नावाचा माणूस कोलोरॅडोच्या घळईतून नावेने गेला. युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. एका हाताने कडे चढायचा, मोजमापं घ्यायचा. चार नावा, दहा माणसं, समोर नकाशात कोरी जागा. निघताना त्याने शिधा तीन मोठ्या नावांत सारखा वाटला, म्हणजे एक बुडाली तरी सगळे उपाशी मरू नयेत. आणि खरोखरच थोड्याच दिवसांत एक नाव खडकावर आपटून फुटली. शिधा वाटलेला होता म्हणून मोहीम वाचली. पण उंची मोजायचे बॅरोमीटर सगळे त्या एकाच नावेत होते, ते सोडवून आणण्यासाठी माणसांना जिवावर उदार व्हावं लागलं. तीन महिन्यांनी सहा जण पलीकडे निघाले, बाकीचे वाटेत सोडून गेले होते. आपल्याकडे दोन गाड्या आहेत, काकाची आणि आपली. पाणी दोन्हींत, औषधांच्या पिशव्या दोन्हींत, रोख पैसे दोन्हींत. छापील नकाशाही दोन, कारण डोंगरात मोबाइलला रेंज नसते. आजीचं दम्याचं औषध तिच्या पर्समध्ये एक आणि दुसऱ्या गाडीत एक.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा. आगळ आणि मीठ घ्या, कोकम सरबताने उन्हाचा थकवा उतरतो. पहिल्या दिवशीच्या दशम्या आजी करील, पुढे ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाटेत मिळते. स्टेपनीत हवा भरलेली आहे की नाही ते काकाने निघण्याआधी बघायचं, घरून निघताना बघितलं म्हणजे झालं असं नाही, हंपीहून निघतानाही बघायचं. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. गंडिकोट्यात आंध्र प्रदेशच्या पर्यटन खात्याचं हॉटेल आहे, खोल्या थोड्या, तेव्हा तारखा ठरल्या की आधी ती जागा राखायची आणि तिच्याभोवती बाकीचे मुक्काम बसवायचे.

काठावर कठडा नाही. आईचा हात सोडून कुणी पुढे जायचं नाही, पाठमोरं उभं राहून फोटो काढायचा नाही. आणि दगडावर नाव कोरायचं नाही. आपल्या सड्यावर खडूने लिहिलेलं पहिल्या पावसात जातं, शेवाळ चढून चार वर्षांत दगड पुन्हा काळा होतो. तिथे धुवायला पाऊस नाही आणि झाकायला शेवाळ नाही, कोरलेलं नाव पिढ्यान्‌पिढ्या तसंच दिसत राहील. प्लास्टिकची बाटली घळईत टाकलीत तर तीही. गाडीत जेवढ्या बाटल्या भरू, तेवढ्या मोजून सावर्ड्याला परत आणायच्या आहेत. मोजणी धाकटीकडे.